सव्वा किलो तांबं

कार्ड आलं त्या रात्री खोकं उशाशी घेऊन झोपले.
चार महिने लोकांची स्वयंपाकघरं रंगवून घेतलेलं,
म्हणजे पडद्यावरची: इटालियन ओटे,
आणि खिडकीतून येणारं, कुठल्याच गावचं नसलेलं ऊन.
जुन्या मशीनला एक चित्र शिजवायला सहा तास लागायचे.
घरघर अशी, की भदौरिया वहिनींनी एकदा विचारलं,
गिरणी टाकलीत का?

खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं: किमान साडेपाचशे वॉट.
आमचा सप्लाय साडेतीनशेचा. तोही म्हणे.
हातात उरले होते पंचवीसशे.

जयेंद्रगंजात दुकानदारानं काचेवर ठेवला
एक चकचकीत डबा, लाल पंख्याचा.
साडेसातशे वॉट, चौदाशे पन्नास रुपये.
"ले जाइए दीदी, सब यही ले जा रहे हैं."
मी पर्स उघडली, तोवर अण्णांनी डबा उचलला,
तळहातावर जरा वर-खाली केला
आणि काही न बोलता माझ्या हातात दिला.
हलका. दिवाळीनंतरच्या मिठाईच्या खोक्याएवढा.

अण्णा लोहिया बाजारात मोटारींचं वाइंडिंग करतात.
संगणकातलं त्यांना काही कळत नाही.
तांब्यातलं कळतं.
खिशातून भिंग काढून त्यांनी कडेचं लेबल वाचलं:
बारा व्होल्ट, चोवीस अँपिअर.
ओठांतल्या ओठांत गुणाकार.
"दोनशे अठ्ठ्याऐंशी," ते म्हणाले,
"आणि मिशी साडेसातशेची."

दुकानदार हसला. मग हसला नाही.
आतून दुसरा डबा आणला, साडेपाचशेचा, काळा, बिनदिव्याचा,
खोक्याचा एक कोपरा उंदरानं खाल्लेला,
पाच वर्षांची गॅरंटी, बत्तीसशे.
हा घेताना अण्णांचं मनगट किंचित खाली गेलं.
तेवढं मी पाहिलं.

मी हिशेब सांगितला: कार्डाला दोनशे, प्रोसेसरला नव्वद,
बाकी सगळं मिळून साठ. साडेतीनशे झाले.
मग साडेपाचशे कशाला?
अण्णा म्हणाले, मोटार सुरू होताना किती ओढते?
चालतानाच्या पाचपट, सहापट. क्षणभरच.
पण जळते ती त्या क्षणातच.
तुझं हे कार्डही एकदम ताट पुढे करत असेल,
तेव्हा वाढणाऱ्याच्या हातात काही हवं.

सातशे कमी पडत होते.
"उद्या येतो," म्हणाले, आणि परतताना
गाडी घराकडे न नेता दुकानाकडे वळवली.
बाकाखाली जळक्या तांब्याचं पोतं:
मुरारच्या पिठाच्या गिरणीचं,
ठाटीपूरच्या एका कूलरचं,
मे महिन्यात एकशे सत्तर व्होल्टवर
कण्हत कण्हत गेलेल्या कुणाकुणाच्या पंपांचं.
काळ्या तारांच्या गुंतवळातून त्यांनी सव्वा किलो काढलं.
भंगारवाल्यानं पाचशे साठचा भाव लावला.
बरोबर सातशे.
अण्णांनी मोजून पाहिले नाहीत, मी पाहिले.

बसवायला दोन तास लागले.
बटण दाबलं, काहीच नाही.
पोटात गोळा. पुन्हा दाबलं. काहीच नाही.
आई दारातून म्हणाली, मागे एक स्विच दिसतोय बघ गं.

रात्री साडेनऊला, रोजच्यासारखं, व्होल्टेज पडलं.
छतावरचा पंखा पाती मोजता येतील इतका मंद,
ट्यूबलाइट डोळे मिचकावत राहिली.
पडद्यावर ग्राहकाचं स्वयंपाकघर मात्र
अकरा मिनिटांत उजळून आलं, नळावरच्या थेंबासकट.
अण्णांनी डब्याच्या मागे हात धरला,
ताप पाहतात तसा, उलटा.
"कोमट," म्हणाले, आणि हात धुवायला गेले.
साबणानं दोनदा धुऊनही
त्यांच्या बोटांना जळक्या वार्निशचा वास होता.

तेवढ्यात फोन वाजला.
ग्राहक म्हणत होता, सगळं छान आहे मॅडम,
ओटा तेवढा थोडा काळा करा.